पेपर संपेपर्यंत

बोर्डाची परीक्षा आली की आमच्या बिल्डिंगचा आवाज आपोआप खाली येतो. पोरांच्या बॅटी कपाटात जातात, मिक्सर लावायच्या आधी बायका शेजारी विचारून येतात, टीव्ही बघणारे टीव्हीला कान लावून बसतात. ज्याच्या घरी दहावी, तो पंधरा दिवसांचा राजा. बोरिवलीचा मार्च म्हणजे गच्चीवर कुरडया, जिन्यात घामट हवा आणि बंद दारांमागून येणारं पाठांतर. मला हा महिना मेला सहन होत नाही. माझ्या दहावीला पंचवीसहून जास्त वर्षं झाली, तरी कुणी हॉल तिकीट म्हटलं की मी अजून पर्स चाचपते.

यंदा तर विचारूच नका. परवा बुधवारी सकाळी सहाला फोन आला. दुसऱ्या मजल्यावरचे कमांडरकाका नौदलाच्या इस्पितळात वारले. वय झालं होतं, दोन आठवडे अॅडमिट होते, धक्का असा नव्हता. पण माझ्या लेकीचा, मुक्ताचा, दुसऱ्या दिवशी भूमितीचा पेपर होता आणि मुक्ताचा कमांडरांवर जीव होता. संध्याकाळी सहाला त्यांना इस्पितळातून थेट बोरिवलीच्या स्मशानात आणणार होते. म्हणजे माझ्या हातात बारा तास होते. सांगायचं, की पेपर होऊ द्यायचा?

त्यांचा मुलगा अनिरुद्ध विशाखापट्टणमहून निघताना फोनवर म्हणाला, "वैजूताई, मुक्ताला सांगू नका हं इतक्यात. बाबांना पण तेच आवडलं असतं." मी नुसतं हो म्हटलं आणि फोन ठेवला. बाबांना काय आवडलं असतं हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. माझ्याइतकं ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

कमांडरकाका आमच्या बिल्डिंगमध्ये राहायला आले ते ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, नौदलातून निवृत्त होऊन. मूळचे वेंगुर्ल्याचे. पाणबुडीचा कमांडर म्हणजे काय हे आम्हा पोरांना कळत नव्हतं, पण मोठी माणसं त्यांच्यासमोर सिगारेट लपवायची, त्यावरून अंदाज यायचा. पाण्यावरून भांडणं पेटली की सेक्रेटरी वर बघून हाक मारायचे, "कमांडरसाहेब, जरा खाली येता का?" ते पायजम्यावर खाली यायचे, कोण काय म्हणालं ते ऐकायचेच नाहीत. विचारायचे, "टाकीत आत्ता पाणी किती आहे?" कुणालाच माहीत नसायचं. मग सगळे मुकाट टाकी बघायला गच्चीवर जायचे आणि तेवढ्यात भांडण थंड व्हायचं.

घरात त्यांची एक खोड होती. दार लावलं की मोठ्याने म्हणायचे, "दार बंद." आणि आतून कुणीतरी "दार बंद" म्हणेपर्यंत तिथेच उभे राहायचे. काकू वैतागायच्या. "अहो, बोरिवली बुडत नाही, या आत!" पण म्हणायच्या मात्र. एक झाकण उघडं राहिलं आणि दुसऱ्याला ते कळलं नाही, तर सगळे जातात, असं त्यांचं पाणबुडीतलं गणित होतं. एकदा मी विचारलं, "काका, खाली शार्क दिसतो का?" तर म्हणाले, "खिडकीच नसते गं." माझा एवढा हिरमुसला चेहरा झाला की त्यांनी मला गोळ्या दिल्या.

ही खिडकीची गोष्ट माझ्या आजाने ऐकली तेव्हा तो पोट धरधरून हसला होता. माझा आजा मनोरीचा कोळी. जन्म सगळा होडीत गेलेला, अंग मिठाने राठ झालेलं. बाबा औषधांच्या कंपनीत फिटर म्हणून लागले आणि आम्ही बोरिवलीत आलो, पण माझी पहिली सहा वर्षं आजाच्या खांद्यावर गेली. बाबांनी एका रविवारी कमांडरकाकांना मनोरीला नेलं आणि त्या दोघांचं असं जमलं की नंतर बाबांना कुणी विचारेना. काका एकटेच मार्व्याला जायचे, फेरीबोटीने पलीकडे उतरायचे आणि आजाच्या पडवीत बसायचे. आजा त्यांना सगळ्यांसमोर चिडवायचा, "दर्यान जातो आन् दर्या बघत नाय! कसला रं तू साहेब?" बिल्डिंगमध्ये ज्यांच्यापुढे सेक्रेटरी चळचळा कापायचे, ते कमांडरसाहेब तिथे लाजून हसायचे.

माझ्या दहावीच्या वर्षी परीक्षेच्या तोंडावर आजाचा दमा उचलला. आईबाबांना मनोरीला जाणं भाग होतं. मला कुठे ठेवायचं? कमांडरकाका म्हणाले, "माझ्याकडे." विषय संपला. मी दप्तर, गाईडं आणि दोन फ्रॉक घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेले.

ती आतली खोली मला अजून दिसते. खिडकीसमोर नवी बिल्डिंग उठत होती, सिमेंटची धूळ यायची म्हणून खिडकी बंद. एक टेबल, एक खुर्ची, एक खाट. पंखा एकवर, कारण दोनवर गेला की कागद उडतात. भिंतीवर काकांनी वेळापत्रक लावलं होतं, चार चार तासांच्या पाळ्यांचं. मी म्हटलं, "काका, इथे आत दिवस कळतच नाही." ते म्हणाले, "आम्हालाही कळायचा नाही. पोहे आले की सकाळ, ताक आलं की दुपार." मग खरंच तसं झालं. पोहे, ताक, चहा, भात. बाहेर होळीची लाकडं रचली जात होती, कैऱ्या आल्या होत्या, आणि मी त्या चौकोनात बीजगणिताचं तोंड बघत बसले होते. जीव नुसता घुसमटायचा. कधी वाटायचं, दार उघडून धूम ठोकावी आणि मार्व्याच्या धक्क्यावर जाऊन थांबावं. पण मी तशी भित्री. शिवाय निघताना आजाने मला बजावलं होतं, "पेपर कर, मंग ये." त्याला शाळा ठाऊक नव्हती, पण पेपर हा शब्द तो फार मानाने उच्चारायचा.

तिसऱ्या पेपरच्या आदल्या दिवशी बाहेर फोन वाजला. अख्ख्या बिल्डिंगमध्ये फोन त्यांच्याकडेच होता, त्यामुळे तो सतत वाजायचा. मी क्षची किंमत काढत होते. काकांचा आवाज आला, "हो. हो. कळलं." एवढंच. मग काकू चहा घेऊन आल्या, कप टेबलावर ठेवला आणि उगाच माझ्या केसांवरून हात फिरवला. मी म्हटलं, "काकू, तेल लावलंय, हात खराब होईल." त्या तशाच बाहेर गेल्या. क्षची किंमत सात आली होती. बरोबर होती.

आजा कसा आहे, असं मी रोज विचारायची. काका म्हणायचे, "आराम चाललाय." डोळ्यात डोळे घालून म्हणायचे. मी विश्वास ठेवायची. त्यांच्यावर नाही ठेवायचा तर कुणावर ठेवायचा?

आता आठवतं तेव्हा स्वतःचीच कीव येते. सगळं समोर होतं. पोरं खेळायची बंद झालेली. दूधवाला मला बघून मान खाली घालायचा. पहिल्या मजल्यावरच्या देसाईबाईंनी, ज्यांनी कधी कुणाला कढीपत्ता दिला नाही, त्यांनी वाटीभर शिरा पाठवला. पेपरला निघाले की सगळी बिल्डिंग गॅलरीत येऊन मला बघायची. मला वाटायचं, काय मस्त, मी बोर्डात येणार असं ह्यांना वाटतंय! मी चक्क हात हलवायची. बाबा एका सकाळी मनोरीहून आले होते आणि समोरच्या उसाच्या रसवाल्याच्या आडोशाला, डोक्यावर टोपी घालून, मी बसमध्ये चढेपर्यंत उभे होते, हे मला खूप नंतर कळलं.

आणि मासळी. कोळ्याच्या पोरीला चार दिवस मासळी नाही म्हणजे काय थट्टा आहे? काकांकडे एरवी रोज ओलं नाहीतर सुकं असायचंच, मालवणी घर ते. आणि आता आपलं वरण, भात, भेंडी, वरण, भात, दुधी. चौथ्या दिवशी मी ताटावरून ओरडले, "काय काकू, कोण मेलंय का काय? म्हावरंच नाय घरात!"

काकू उठून आत गेल्या. काकांनी माझ्या ग्लासात पाणी ओतलं, ग्लास भरलेला होता तरी. "परीक्षेत पोट बिघडतं," ते म्हणाले. मी तोंड वेंगाडलं आणि भेंडी गिळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः पिशवी घेऊन बाजारात गेले. आतून काकूंचा आवाज ऐकू आला, कधी नव्हे तो चढलेला. "मी नाही तळणार. सांगून ठेवते." मला वाटलं, दोघांचं काहीतरी बिनसलंय. मग काकांनीच आणलेली मासळी तळली. तव्यावर रवा जळला होता, पण तुकडे चांगले जाड, ताजं पापलेट. माझ्या एकटीच्याच ताटात वाढलं. "तुम्ही?" म्हटलं. "मला आज नको." काकूंना तर नकोच होतं. मी दोन्ही तुकडे खाल्ले, काटे चोखून खाल्ले, आणि वर म्हटलं, "झकास! काका, तुम्ही पाणबुडीत आचारी व्हायला पाहिजे होतं." ते हसले. मला संशय येऊ नये म्हणून तो माणूस जळका तवा समोर ठेवून हसला.

आजाला जाऊन तेव्हा पाच दिवस झाले होते. आमच्यात सुतक असलं की घरात मासळी शिजत नाही, शेजारच्या घरातसुद्धा तळताना खिडकी लावून घेतात. आणि मी, त्याच्या खांद्यावर वाढलेली, त्याच्या सुतकात पापलेट चोखत बसले होते.

शेवटचा पेपर सुटला तेव्हा काका सेंटरच्या फाटकाशी उभे होते, इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात. म्हणाले, "मनोरीला जाऊ." मी उड्या मारत बसमध्ये चढले. वाटेत प्रश्नपत्रिका वाचून दाखवली, कुठलं प्रमेय सुटलं ते सांगितलं. मार्व्याच्या धक्क्यावर बोट पलीकडून यायची होती. ते माझ्यासमोर उभे राहिले, दोन्ही हात बाजूला सरळ ठेवून, आणि म्हणाले, "वैजू, आजोबा गेले. दहा दिवस झाले. तुझ्या बाबांना सांगायचं होतं, आईला तर सांगायचंच होतं. मी थांबवलं. चार पेपर राहिले होते. निर्णय माझा आहे, त्यांच्यावर रागावू नकोस."

मला पहिल्यांदा आजा आठवलाच नाही. लाज वाटते सांगायला, पण मला पापलेट आठवलं. मी विचारलं, "आणि ते मासे?"

"तेही मीच."

मी कंपासपेटी खाडीत भिरकावली. त्यांना म्हटलं, तुम्ही राक्षस आहात. अजून पुष्कळ काय काय म्हटलं, धक्क्यावरच्या कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत होत्या. बोटीत मी लांब जाऊन बसले आणि ते पलीकडचा किनारा येईस्तोवर उभे राहिले. मनोरीत दहाव्याचं सगळं आटोपलं होतं. पडवी सारवलेली होती. आजाची लुंगी दोरीवर नव्हती. आईने मला जवळ घेतलं तर मी तिलाही ढकललं.

दोन वर्षं मी त्यांच्याशी बोलले नाही. जिन्यात दिसले की भिंतीकडे तोंड. मला फर्स्ट क्लास मिळाला, पेढे वाटायला दुसऱ्या मजल्यावर मी गेले नाही. बाबा एकदा भीत भीत म्हणाले, "अगं, तुझ्या भल्यासाठीच केलं ना त्यांनी." माझं डोकंच फिरलं. "भलं मला विचारून करायचं!" बाबांनी परत तो विषय काढला नाही.

बारावीच्या वर्षी, पुन्हा असाच मार्च, तेच माझ्या दाराशी आले. बसले नाहीत. म्हणाले, "तुला एक गोष्ट सांगायची राहिली आहे." मग त्यांनी सांगितलं ते असं. पाणबुडी खोल असताना बाहेरचा निरोप पोहोचत नाही, रोज थोडा वेळ वर येऊन तो घ्यावा लागतो. एकदा निरोप आला, मेसमध्ये काम करणाऱ्या एका नौसैनिकाचे वडील वारले. एकोणीस दिवसांचा प्रवास बाकी होता, मागे फिरता येत नव्हतं. अशा वेळी कमांडरने तो निरोप स्वतःजवळ ठेवायचा, अशी रीत. सांगून करणार काय? बंद डब्यात रडायलाही जागा नसते. त्यांनी कागद शर्टाच्या खिशात ठेवला. तो नौसैनिक रोज त्यांना चहा आणून द्यायचा, गाणी गुणगुणायचा, घरी गेल्यावर वडिलांना घेऊन नाशिकला जायचं ठरवत होता. "त्याआधी चहाला मी कधी थँक यू म्हटलं नव्हतं," काका म्हणाले. "ते एकोणीस दिवस रोज म्हणायला लागलो. त्याला वाटलं, साहेब खूश आहेत." बंदराला लागल्यावर त्यांनी त्याला सांगितलं. त्याने सॅल्यूट केला, "ठीक केलंत सर" म्हणाला, आणि आठवड्यात बदली मागितली.

मी विचारलं, "हे सगळं माहीत असून माझ्याशी तेच केलंत?"

ते म्हणाले, "दुसरं मला येत नाही गं."

माफ केलं की नाही, मला सांगता येणार नाही. असा काही समारंभ झाला नाही. मी हळूहळू बोलायला लागले, एवढं खरं. लग्न झालं, आईबाबांची जागा माझ्याकडे आली, काकू गेल्या, मुक्ता झाली. मुक्ता त्यांना काका नाही, आजोबा नाही, नुसतं "कमांडर" म्हणायची आणि कॅरममध्ये हरवून वर टाळी मागायची. मी कधी कधी दारात उभी राहून बघायची आणि छातीत कुठेतरी जुना काटा टोचायचा. चांगला माणूस होता. मला फार दुखावून गेलेला चांगला माणूस.

तर बुधवार. सहा वाजता फोन आला तो मी तोंड धुतानाच घेतला. मुक्ता उठून आली, म्हणाली, "कोण गं?" मी म्हटलं, "राँग नंबर." झालं! सुरू. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मीच दचकले. नवरा दौऱ्यावर, त्याचा फोन लागत नव्हता. ऑफिसला दांडी मारली, मुक्ताला सांगितलं डोकं दुखतंय. सेक्रेटरींचा मुलगा दबक्या पावलांनी येऊन सांगून गेला, "काकी, फलकावर काही लावलं नाही. सगळ्यांना सांगून ठेवलंय." समोरच्या घरातून गोडाचा डबा आला. बिल्डिंगने पुन्हा श्वास धरला होता.

मुक्ता खोलीत, दार लावून. मी बाहेर. दर तासाला काहीतरी घेऊन आत जायचं, चेहरा नीट करायचा, हसायचं, बाहेर यायचं, आणि ओट्याला धरून उभं राहायचं. ती म्हणाली, "आई, कमांडरना सांग, वर्तुळाचा धडा एकदम पक्का झालाय." मी म्हटलं, "सांगते." कुठे सांगणार होते? घरातल्या घरात मला बसवेना, बोलवेना. रडावं तर पलीकडे ऐकू जाईल. आयुष्यभर मला वाटत आलं होतं की त्या दहा दिवसांत कोंडलेली मी होते. अगं बाई, मी तर मजेत होते! मला काहीच माहीत नव्हतं. मी गणितं सोडवत होते, मासे खात होते. कोंडलेला दुसराच माणूस होता, दाराच्या अलीकडे.

पाचला मी साडी बदलली. नंतर सांगितलं तर ती भूमितीत चांगले मार्क घेईल आणि मग माझ्याकडे बघेल, कसं बघेल ते मला ठाऊक होतं. आत्ता सांगितलं तर उद्याच्या पेपरची वाट लागेल, कदाचित वर्षाचीसुद्धा. दोन्हीकडे नुकसान होतं. मी दार उघडलं.

"मुक्ता, कमांडर गेले गं. आज पहाटे. सहाला त्यांना स्मशानात आणतायत. तुला यायचं तर ये, नाही आलीस तरी चालेल. मला तुझ्यापासून लपवायचं नव्हतं, पण दिवसभर लपवलं."

तिने पेनाला टोपण लावलं. तोंड लाल झालं. "तुला कधी कळलं?"

"सकाळी सहाला."

तिने भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मी वाट बघत उभी राहिले. आता ती म्हणेल, राक्षस आहेस. म्हणू दे. मी म्हटलं होतं, आता माझी ऐकायची पाळी.

ती उठली, माझ्याजवळ आली आणि म्हणाली, "अकरा तास? आणि तू एकटीच होतीस, आई?"

मी मटकन खाटेवर बसले आणि हुंदके देऊन रडायला लागले. अकरा तासांचंच नाही, सगळं. मुक्ता पाठीवरून हात फिरवत होती. एवढा साधा प्रश्न. इतक्या वर्षांत एकदाही मी तो कमांडरकाकांना विचारला नाही.